गुप्त शब्द दारावर पाहावा

जगात येणारी प्रत्येक गोष्ट कोणीतरी मागवलेली असतेच असं नाही. (माणसाचंही तेच आहे, पण तो विषय वेगळा.)

*

कासवाला कवच असतं. कासवाला पार्सल येत नाही. या दोन विधानांचा एकमेकांशी संबंध आहे, असं पहिल्या मजल्यावरचे साहेब मानतात.

*

दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी आणि त्यांची धाकटी बहीण रोज संध्याकाळी फोनवर भांडतात. विषय ठरलेला नसतो. वेळ ठरलेली असते.

*

दांडी नसलेल्या कपातूनही चहा पिता येतो. काही लोकांना तो धरवत नाही, एवढंच.

*

शेंगदाण्याएवढं एक यंत्र. बिघडलं की दुरुस्तीला जावं लागतं, दुरुस्त झालं की परत यावं लागतं. यातला दुसरा भाग अवघड.

*

तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दाराला आतून आरसा आहे. बाहेरून, मंगळवारपासून, नोटीस.

*

"आपले पार्सल अपूर्ण पत्त्यामूळे गोदामात अडकले आहे. किरकोळ शुल्क भरून पत्ता पुर्ण करावा."

*

या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाला पडला असेल, तर वाचक योग्य मार्गावर आहे. संशय ही सुरक्षिततेची पहिली पायरी. आमच्या इमारतीने पुढच्या सगळ्या पायऱ्या बांधल्या. जिन्याला वर पोचायचं राहून गेलं, पण पायऱ्या उत्तम आहेत.

सुरुवात त्या निरोपापासून झाली. तो रविवारी दुपारी साहेबांच्या फोनवर आला.

साहेब एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या कारकिर्दीत अपूर्ण पत्त्याचं एकही पाकीट कचेरीबाहेर गेलं नाही. (पूर्ण पत्त्याची काही पाकिटंही गेली नाहीत, पण ती चौकशी केव्हाच बंद झाली.) "तुम्हाला बक्षीस लागलं आहे" असा निरोप आला असता तर साहेबांनी तो त्याच क्षणी पुसून टाकला असता, लोभ हा त्यांच्या दोषांपैकी नव्हे. आपण काहीही मागवलेलं नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण प्रश्न पार्सलचा नव्हता. प्रश्न पत्त्याचा होता. आपला पत्ता जगात कुठेतरी एका गोदामात अपूर्णावस्थेत पडून आहे, या कल्पनेने त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

त्यांनी पत्ता पूर्ण केला. मजला, दार उजवं की डावं, जवळची खूण (दवाखान्यासमोर, दवाखाना बंद असल्यास दवाखान्याच्या पाटीसमोर). कार्डाचा क्रमांक मागितला होता, तो दिला. कार्डाच्या मागचा क्रमांक मागितला होता, तोही दिला. फोनवर आलेला क्रमांक मागितला होता, तोही. शेवटी "शेरा" असा रकाना होता, त्यात त्यांनी मूळ निरोपातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका कळवल्या.

शुल्क किरकोळ होतं. कापली गेलेली रक्कम तशी नव्हती. ती किती होती हे इथे सांगण्याचं कारण नाही. साहेबांच्या बायकोला ती ठाऊक आहे, आणि ती जेवताना, भांडी लावताना आणि टीव्हीवर जाहिराती चालू असताना तिचा उल्लेख करते.

दुसरा एखादा माणूस या धक्क्याने खचला असता. साहेबांनी समिती स्थापन केली.

*

पार्सल दक्षता समितीची पहिली सभा मंगळवारी संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात भरली. अध्यक्षपदासाठी साहेबांचं नाव एकमताने पुढे आलं, कारण प्रत्यक्ष अनुभव फक्त त्यांच्याकडे होता. परीक्षा विभाग तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीबाईंकडे देण्यात आला. गेली कित्येक वर्षं त्या मुलांना घरी शिकवतात, आणि प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना समोरचा माणूस नीट दिसतच नाही. शिंप्याला सभासद करण्यात आलं, कारण खुर्च्या त्याच्या होत्या.

"पण आपण करायचं काय?" शिंप्याने विचारलं.

"खरा पार्सलवाला कोण आणि खोटा कोण, हे गेटवरच ओळखायचं," साहेब म्हणाले.

"खोटा गेटवर येतो कुठे, साहेब? तो तर फोनवर येतो. तुमच्याकडे आला तसा."

मुद्द्याची नोंद घेण्यात आली. नंतर विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय घेण्यात आला.

नियमावली त्याच बैठकीत तयार झाली. ती साहेबांनी स्वतः लिहिली, आणि तिच्याबद्दल दोन शब्द चांगले बोललेच पाहिजेत. साहेबांच्या कचेरीत अपवादाशिवाय नियम लिहिण्याची पद्धत नव्हती. नियमाला अपवाद नसेल तर तो त्यांना दांडी नसलेल्या कपासारखा वाटतो: वस्तू ठीक आहे, पण धरायची कुठे? त्यामुळे प्रत्येक नियमाखाली त्यांनी एक छोटीशी, देखणी दांडी बसवली.

नियम एक. पार्सल घेऊन येणारी व्यक्ती खोटी समजावी. अपवाद: ओळखीची व्यक्ती.

नियम दोन. पार्सल घेऊन येणाऱ्या व्यक्तीशी ओळख वाढवू नये. अपवाद: मुसळधार पाऊस.

नियम तीन. गेटवर गुप्त शब्द सांगितल्याशिवाय पार्सल आत येणार नाही. अपवाद: मुकी व्यक्ती. (तिने तो लिहून दाखवावा.)

नियम चार रद्द. (नियम चारमुळेच नियम पाच लागला.)

नियम पाच. फोनवर आलेला सहा आकडी क्रमांक कोणालाही, म्हणजे अगदी कोणालाही, सांगू नये. अपवाद: पडताळणी अधिकारी.

"हे पडताळणी अधिकारी कोण?" शिंप्याने विचारलं.

"अजून नेमणूक झालेली नाही."

"मग अपवाद कशाला?"

"उद्या झाली तर? ऐनवेळी धावपळ नको."

गुप्त शब्द "गालिचा" असा ठरला. इमारतीत कोणाकडेही गालिचा नाही, त्यामुळे तो बोलताबोलता सहज तोंडातून निसटण्याचा धोका नव्हता. तो पार्सलवाल्यांना कसा कळणार, अशी शंका एका रहिवाशाने काढली. शिकवणीबाई म्हणाल्या, "खरा असेल तर त्याला येईलच." वर्गात हाच न्याय त्या पाढ्यांना लावतात.

नियमावली शिंप्याच्या दारावर, बाहेरच्या बाजूने, ठळक अक्षरांत लावण्यात आली. खाली चौकशीसाठी सर्व रहिवाशांचे फोन क्रमांक. त्याखाली सूचना: "गुप्त शब्द कोणालाही सांगू नये. विसरलेल्यांनी तो येथे पाहावा: गालिचा." रहिवाशांनी या नोटिशीचे फोटो काढून आपापल्या नातेवाइकांच्या, शाळासोबत्यांच्या आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गटांवर पाठवले. दक्षतेचा प्रसार व्हावा, हा हेतू.

*

समितीचा पहिला अहवाल (बुधवार संध्याकाळ) पुढीलप्रमाणे.

गेटवरून परत पाठवलेल्या वस्तू: एक उशी (संशयास्पद मऊ). एक भिंतीवरचं घड्याळ (टिकटिक करत होतं). एक लहानसं खोकं (आत काय आहे ते आणणारीलाही माहीत नव्हतं). पुस्तकांचा एक गठ्ठा (एवढं वाचतं कोण?). उजव्या पायाचा एक बूट. डावा आधीच्या आठवड्यात आलेला होता आणि तो सध्या एकटा आहे.

समितीच्या काळातली फसवणूक: शून्य. आत आलेली पार्सलं: शून्य. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत असल्याने हिशेब बरोबर आहे.

निव्वळ सुरक्षितता: शंभर टक्के.

(शुद्धिपत्र. अहवालात जिथे "इमारत सुरक्षित आहे" असं छापलं आहे, तिथे "इमारत बंद आहे" असं वाचावं. अर्थात फरक पडत नाही.)

*

आता मावशी. त्यांचं वेगळं प्रकरण करण्याची गरज पडली नसती, पण त्यांना ऐकू येत नाही.

म्हणजे येतं, त्यासाठी ते शेंगदाण्याएवढं यंत्र उजव्या कानात असावं लागतं. ते बिघडलं म्हणून दुरुस्तीला गेलं होतं. कंपनीचं पत्र आलं होतं की या आठवड्यात ते पार्सलने घरपोच येईल आणि सही करून घ्यावं लागेल. तोवर मावशींचं संध्याकाळचं भांडण बंद पडलं होतं. दोघी बहिणींनी इतर उपाय करून पाहिले. लिहून भांडता येईना, कारण बहीण उत्तरादाखल फुलांची चित्रं पाठवायची. चेहरा दिसणारा फोन करून पाहिला. त्यात बहिणीचं तोंड हलताना दिसायचं आणि आवाज नाही. "जन्मभर हेच हवं होतं मला," मावशी शिंप्याला म्हणाल्या, "आणि आता मिळालंय तर करमत नाही मेलं."

एवढ्यावर भागलं असतं. पण शनिवारी सकाळी त्या बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन होतं. गुरुवारी ती दवाखान्यात दाखल होणार होती.

"ऑपरेशनच्या आधी मला तिच्याशी एकदा भांडून घ्यायचंय," मावशी म्हणाल्या. "नीट, आवाजात. राहून गेलं तर मी काय करू?"

शिंपी काही बोलला असता तरी मावशींना ऐकू आलं नसतं. त्याने नुसती मान हलवली.

*

पार्सलवाली बुधवारी दुपारी आली. पन्नाशीच्या घरातली बाई, हेल्मेट काखेत, पाठीवर स्वतःपेक्षा रुंद पिशवी. तिने गेटवर एक लहानसं खोकं काढलं.

"काका, दुसरा मजला. सही लागेल."

"गुप्त शब्द?" साहेब म्हणाले.

"काय?"

"गुप्त शब्द सांगा."

"काका, मला माझ्या घरच्या वायफायचा आठवत नाही."

शिकवणीबाई वही घेऊन पुढे झाल्या. "प्रश्न पहिला. पार्सलात काय आहे?"

"मला काय माहीत? बंद आहे ते."

"आत काय आहे ते माहीत नाही, आणि लोकांच्या घरी नेऊन देता?"

"तेच काम आहे माझं, बाई!"

"शून्य," शिकवणीबाई म्हणाल्या आणि तसं लिहिलं. "प्रश्न दुसरा. ही वस्तू पाठवणाऱ्याने का पाठवली? थोडक्यात सांगा."

पार्सलवालीने थोडक्यात जे सांगितलं ते वहीत उतरवून घेण्यासारखं नव्हतं. तिने फोनवर "घर बंद" असा शेरा टाकला आणि निघून गेली. (शेरा टाकण्याच्या तत्परतेबद्दल साहेबांच्या मनात तिच्याविषयी क्षणभर आदर निर्माण झाला होता, हे नमूद करायला हवं.)

गुरुवारी ती पुन्हा आली. या वेळी गेटपासूनच ओरडत.

"कानाचं मशीन! वर लिहिलंय, वाचून आलेय मी. कानाचं मशीन आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं, कंपनीने दुरुस्त करून पाठवलंय. झालं? देऊ?"

साहेबांनी शिकवणीबाईंकडे पाहिलं. शिकवणीबाईंनी साहेबांकडे पाहिलं.

"काल माहीत नव्हतं," साहेब हळूच म्हणाले, "आणि आज माहीत आहे."

"मधल्या वेळात उघडलंत वाटतं?" शिकवणीबाई म्हणाल्या.

"अहो, तुम्ही विचारता म्हणून आज मुद्दाम वाचून आले!"

"म्हणजे तयारी करून आलात." आयुष्यभर मुलांना तयारी करून या म्हणून विनवणाऱ्या बाईंनी हे वाक्य ज्या तुच्छतेने उच्चारलं, ती ऐकण्यासारखी होती.

शिंपी गळ्यात टेप अडकवून दुकानातून बाहेर आला. "साहेब, मावशींचंच आहे हो ते. कंपनीचं पत्र आहे त्यांच्याकडे, मी पाहिलंय. पार्सल येणार म्हणून."

"पत्रात काय म्हटलंय? पार्सल येणार. बरोबर? खोटे लोकसुद्धा नेमकं हेच म्हणतात."

"पण परवा ऑपरेशन आहे बहिणीचं! मावशी वाट बघतायत. घाई आहे."

"म्हणूनच!" साहेबांचा आवाज चढला, कारण हे त्यांनी स्वतःच्या खिशातून शिकलेलं होतं. "माणूस घाईत असतो तेव्हाच फसतो."

(हे वाक्य अगदी खरं आहे आणि कोणीही लक्षात ठेवावं. समितीच्या कामकाजात अशी वाक्यं बरीच होती. ती फक्त चुकीच्या माणसांना ऐकवली जात.)

पार्सलवालीने वर पाहिलं. मावशी गॅलरीत उभ्या होत्या. "आजी! ओ आजी!" तिने खोकं डोक्यावर धरून हलवलं. मावशींना दिसलं ते असं: एक दमलेली बाई खालून काहीतरी विचारते आहे. त्या प्रसन्न हसल्या आणि अख्खा हात लांब करून त्यांनी तिला दवाखान्याचा रस्ता दाखवला.

*

त्याच संध्याकाळी समितीची सभा चालू असताना साहेबांचा फोन वाजला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा कापड बेतायच्या टेबलावर ठेवला.

"नमस्कार सर. मी पार्सल पडताळणी महामंडळातून बोलतोय." आवाज इतका नम्र होता की दोघांनी खुर्च्या सरळ केल्या.

"गुप्त शब्द?" साहेब म्हणाले.

"गालिचा, सर."

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. (पडली. शिंप्याचं दुकान आहे. ऐकू आली.) समितीच्या इतिहासात प्रथमच कोणीतरी उत्तीर्ण होत होतं. शिकवणीबाईंचा आवाज किंचित कापरा झाला.

"प्रश्न पहिला. पार्सलात काय आहे?"

"सन्मानचिन्ह, मॅडम. आदर्श दक्ष इमारत, प्रथम क्रमांक."

"कोणी पाठवलं?"

"महामंडळाने."

"का? थोडक्यात सांगा."

"आपल्या नियमावलीमुळे, मॅडम. आणि विशेषतः तिच्यातले अपवाद. इतके सुबक अपवाद आमच्या वरिष्ठांनीही पाहिले नव्हते."

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांना कोणी ऐकवलं नव्हतं. शिकवणीबाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि खाली "अक्षर सुधारावे" असं सवयीने लिहून, मग खोडलं.

"फक्त एक छोटी अडचण आहे, सर," आवाज म्हणाला. "आपला पत्ता अपूर्ण आहे."

साहेब उभे होते, ते बसले.

"आपल्या फोनवर आता सहा आकडी क्रमांक येईल. तो सांगितलात की पत्ता पूर्ण होईल. अर्थात सन्मान सगळ्या इमारतीचा आहे, त्यामुळे एकेक रहिवाशाला फोन करून..."

"क्षमा करा," साहेब म्हणाले. ते शांत होते, ठाम होते. "नियम पाचनुसार तो क्रमांक कोणालाही सांगता येत नाही. अगदी कोणालाही."

हा समितीचा सर्वोच्च क्षण होता. तो एका श्वासाएवढा टिकला.

"अगदी बरोबर, सर. मी पडताळणी अधिकारी."

"साहेब..." शिंपी म्हणाला.

"थांब रे. अपवाद लागू झालाय."

पुढची अर्धी संध्याकाळ इमारतीतले फोन क्रमाने वाजत राहिले, आणि लोकांनी आपापले क्रमांक स्पष्ट उच्चारात सांगितले. दोन कुटुंबं बाहेरगावी होती. साहेबांनी त्यांना स्वतः कळवून फोन उचलायला लावलं, कोणी सन्मानाला मुकू नये म्हणून. शिंप्याचा फोन बटणांचा असून त्याच्याशी बँकेचा काही संबंध नसल्यामुळे त्याला वगळण्यात आलं. याबद्दल नंतर समितीने त्याचं सांत्वन केलं.

*

राहिल्या मावशी.

मावशींचा फोन टेबलावर थरथरला. पडद्यावर अनोळखी नंबर. संध्याकाळची नेहमीची वेळ. बहीण आजच दाखल झालेली. तेव्हा हा दवाखान्यातला फोन, आणि पलीकडे ती, याबद्दल मावशींच्या मनात शंकेला जागाच नव्हती. ऐकू येत नाही हे खरं. पण बोलता तर येतं.

त्यांनी फोन कानाला लावला आणि सुरुवात केली.

स्टीलचा मोठा डबा नेला तो परत का आणला नाहीस, इथून सुरुवात झाली. मग आईच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं. मग बहिणीची ती "बघू" म्हणायची सवय. मग मावशींच्या लग्नात बहीण रडली नव्हती, त्याचं स्पष्टीकरण अद्याप आलेलं नाही. पलीकडून "मॅडम, आपल्या फोनवर एक क्रमांक..." असं काहीतरी चाललं असावं. फोनमध्ये घरघर झाल्याचं मावशींच्या कानाच्या पाळीला जाणवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मध्ये बोलू नकोस! जन्मभर मध्येच बोललीस!"

खाली नियमांची चर्चा चालली होती आणि वर दुसऱ्या मजल्यावर एका नम्र माणसाला सख्ख्या बहिणीला झापावं तसं झापलं जात होतं. त्याने फोन का ठेवला नाही, हे गूढ आहे. धंद्यात चिकाटी लागते म्हणतात.

शेवटी मावशींचा आवाज उतरला.

"बरं ऐक. भिऊ नकोस. डॉक्टर सांगतील तसं कर, शहाणपणा करू नकोस. बरी हो आणि इथे राहायला ये. डबा राहू दे तुझ्याकडे. आपण दुसरं काहीतरी काढू भांडायला."

आणि त्यांनी फोन ठेवला. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली. (पलीकडून शेवटी "हो, ताई" असं उत्तर आलं, अशी इमारतीत वदंता आहे. मावशींना ऐकू आलं नाही, त्यामुळे याला पुरावा नाही.)

*

शुक्रवारी सकाळी पार्सलवाली आली तेव्हा गेटवर कोणी नव्हतं. तिथे एक कागद होता: "समितीचे सर्व सदस्य व रहिवासी तातडीच्या कामासाठी बँकेत गेले आहेत. ते परत येईपर्यंत कोणीही येऊ नये."

पार्सलवालीने तो वाचला आणि आत आली.

शिंपी मशीनवर होता. तिने काही विचारायच्या आत तो उठला. "चला. तुम्ही नुसती सही घ्या, दार मी वाजवतो."

"घंटी आहे ना दाराला."

"घंटी आमच्यासाठी आहे," शिंपी म्हणाला.

दुसऱ्या मजल्यावर त्याने गळ्यातली टेप काढली, दाराखालच्या फटीतून आत सरकवली आणि सापासारखी हलवली. मावशींचं दार असंच वाजवतात. इमारतीत हे फक्त त्याला माहीत आहे, कारण ब्लाउज द्यायला तोच येतो.

दार उघडलं. सही झाली. यंत्र कानात गेलं, शिट्टी वाजली, मावशींनी तोंड वाकडं केलं, आणि पहिली गोष्ट त्यांना ऐकू आली ती पार्सलवालीची: "देवा, सुटले एकदाची."

"बस गं, पाणी देते," मावशी म्हणाल्या, आणि फोन लावला.

"ऐकू येतंय मला!" त्या ओरडल्या. "बोल!"

"काय बोलू?" पलीकडून बहीण. आवाज बारीक, पण होता. "इतके दिवस झाले, आज आठवण आली?"

"आज? काल तासभर बोलले की तुझ्याशी!"

"काल? काल मी फोन केलाच नाही."

"केलास! दवाखान्यातून केलास. मी डबासुद्धा तुला देऊन टाकला!"

"कुठला डबा? थांब. मोठा डबा? दिलास? ताई, साक्षीदार आहे का कोणी?"

"तू ना, सरळ खोटं बोलतेस. ऑपरेशनच्या तोंडावर!"

"मी खोटं बोलते? तुला ऐकू येत नाही आणि मी खोटं बोलते?"

शिंपी आणि पार्सलवाली दारातच पाणी प्यायले आणि हळूच निघाले. भांडण नर्सने येऊन फोन काढून घेईपर्यंत चाललं. शनिवारी ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. शुद्धीवर आल्यावर बहिणीचं पहिलं वाक्य होतं, "गुरुवारी मी फोन केला नव्हता."

*

बँकेतून परतल्यावर समितीने घडल्या प्रकाराचं निःपक्षपाती विश्लेषण केलं. निष्कर्ष असा: नियमावलीत दोष आढळला नाही. सर्व नियम पाळले गेले. सर्व अपवादही पाळले गेले. त्या माणसाने परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले, यावरून परीक्षा सोपी होती एवढंच सिद्ध होतं. पुढची प्रश्नपत्रिका अवघड काढण्याचं काम शिकवणीबाईंनी हाती घेतलं आहे. फोन आलेल्यांपैकी फक्त मावशीच फसल्या नाहीत, याची समितीने गंभीर दखल घेतली असून, त्यांनी विनापरवाना यंत्र स्वीकारल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली आहे. (त्यांनी ती ऐकली. आता ऐकू येतं.)

"साहेब, मी एक सुचवू?" शिंपी म्हणाला होता. "कोणी फोनवर काही मागितलं, की आपण फोन ठेवायचा. एवढाच एक नियम. बाकी काही नको."

"अपवाद?"

"नाही."

साहेबांनी तो नियम कागदावर लिहून पाहिला. मग म्हणाले, "धरायचं कुठे त्याला?"

तुम्ही हसलात. हसा. इतका वेळ आमच्या साहेबांना, बाईंना, सगळ्या इमारतीला तुम्ही हसत आलात, आणि तसं हसायला हरकत नाही. तुम्ही असल्या जाळ्यात सापडणाऱ्यांपैकी नाही, हे तुमच्या वाचण्यावरूनच दिसतं. फक्त एक छोटीशी पडताळणी बाकी आहे. आमच्या इमारतीचा तो गुप्त शब्द काय होता बरं?

झालं. आठवला ना. मनातल्या मनात सांगूनही टाकलात. मी कोण, हे एकदाही विचारलं नाहीत.

एक सांगायचं राहिलं. पार्सलवाली पहिल्यांदा आली ती सोमवारी सकाळी, समिती नव्हती तेव्हा. गेट उघडं होतं. तिने मावशींची घंटी वाजवली, थांबली, पुन्हा वाजवली आणि परत गेली. मावशी घरीच होत्या.